साकीनाक्यावर पुस्तक कुठे मिळतं?

अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकीविहार रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, त्या चौकाच्या आसपास माणसाला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू मिळते. खैरानी रोडच्या गाळ्यांत पत्रा कापला जातो, प्लास्टिक वितळतं, फरसाण तळलं जातं, कपडे शिवले जातात. पुस्तक मात्र इथे मला दोनच रूपांत भेटत आलं आहे. जूनमध्ये वह्या-दप्तरांच्या दुकानात गाइड आणि व्यवसायमाला म्हणून, आणि वर्षभर रद्दीच्या काट्यावर किलोच्या भावाने. एकदा मी अशाच एका दुकानात कादंबरी मागितली, तर दुकानदाराने विचारलं, “कितवीची?” त्याची काही चूक नव्हती. त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण इयत्ता सांगूनच पुस्तक मागतो.

मराठी कादंबरी हवी असेल, तर इथला माणूस मेट्रोने असल्फा, जागृती नगर, घाटकोपर अशी तीन स्टेशनं जातो, तिथून लोकल पकडून दादर गाठतो. साकीनाका ज्या एल प्रभागात येतो त्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे नऊ लाख होती. महाराष्ट्रातली कितीतरी जिल्ह्याची शहरं याहून लहान आहेत. त्या शहरांत एखादं तरी ‘बुक डेपो’ असतं, त्याचा मालक गावातल्या शिक्षकांना नावाने ओळखतो, आणि तिथे संध्याकाळी दोन-चार माणसं उभी असतात.

पुस्तकाच्या दुकानांविषयी आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुधा एखादं दुकान बंद पडल्यावर. त्या लेखनात हळहळ असते, आठवणी असतात, आणि ते फोर्ट, गिरगाव, दादर किंवा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकापुरतं असतं. हा प्रश्न साकीनाक्यावरून पाहिला की वेगळा दिसतो. इथे वाचवायला जुनं दुकान नाही. म्हणून विचारावं लागतं की साखळीत नसलेलं, एका माणसाच्या किंवा कुटुंबाच्या हिमतीवर चालणारं पुस्तकाचं दुकान नेमकं काय करतं, आणि ते वस्तीत नसलं तर वस्तीचं काय हुकतं.

दुकानातून उभं राहिलेलं साहित्य

मराठी साहित्याचा विसाव्या शतकातला इतिहास पुस्तकविक्रेत्यांना वगळून सांगताच येणार नाही. १९२४ मध्ये गणेश भटकळांनी मुंबईत पॉप्युलर बुक डेपो सुरू केला. त्याच घरातून रामदास भटकळांनी १९५२ पासून मराठी पुस्तकं काढायला सुरुवात केली, आणि नवकथा-नवकवितेच्या काळातलं महत्त्वाचं लेखन वाचकांपर्यंत पोचलं. गिरगावात मॅजेस्टिक सिनेमाच्या परिसरातला एक बुक स्टॉल वाढत वाढत मॅजेस्टिक प्रकाशन झाला. त्याच्या केशवराव कोठावळ्यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ हे ग्रंथविषयक मासिक सुरू केलं. जयवंत दळवींनी ‘ठणठणपाळ’ या नावाने याच मासिकात सदर लिहिलं. पार्ल्यातल्या ‘मॅजेस्टिक गप्पा’ही याच घराच्या. मासिक, गप्पा आणि प्रकाशन या तिन्ही गोष्टींचं मूळ पुस्तकं मांडलेल्या एका फळीत होतं. वाचक काय हातात घेतो, काय चाळून परत ठेवतो, कशासाठी दुसऱ्यांदा येतो, हे विक्रेता रोज पाहत होता. त्या पाहण्यातून पुढे प्रकाशक घडला.

ही गोष्ट मराठीपुरती नाही. नाथूराम प्रेमी यांनी १९१२ मध्ये हिंदीतली नामांकित प्रकाशनसंस्था ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ उभी केली ती मुंबईत, गिरगावातल्या हिराबागेत. उर्दू वाचकांना भेंडीबाजारच्या परिसरातली दुकानं आणि तिथलं मक्तबा जामिया माहीत असतं. फोर्टातलं पीपल्स बुक हाऊस डाव्या चळवळीतल्या माणसांचं भेटण्याचं ठिकाण होतं. स्वस्तातली सोव्हिएत पुस्तकं तिथे मिळत, आणि पगाराच्या दिवशी एखादा कामगारही गॉर्की घरी नेऊ शके.

दादरच्या छबिलदास रस्त्यावरचं आयडियल हे दुकान आजही मराठी वाचकाचा हक्काचा पत्ता आहे. त्याच रस्त्यावरच्या शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकांची चळवळ बहरली. नाटकाला आलेला माणूस पुस्तकं चाळायचा, पुस्तकाला आलेल्याला नाटकाचा फलक दिसायचा. सांस्कृतिक वातावरण म्हणतात ते बऱ्याचदा असं चालत जाण्याच्या अंतरावर तयार होतं. उपनगरातही हे घडू शकतं. बोरिवलीत येशू पाटील यांनी ‘शब्द – द बुक गॅलरी’ उभी केली आणि तिच्या जोडीने ‘मुक्त शब्द’ हे मासिक व शब्द पब्लिकेशन चालवलं. गंभीर वैचारिक लेखनाला जागा देणारं नियतकालिक बोरिवलीहून निघू शकतं, तर वाङ्मय दादरच्या पुढे जात नाही हा समज आपण सोडायला हवा.

वाचक नाही, हे खरं नाही

साकीनाक्यासारख्या कष्टकरी वस्तीबद्दल लगेच म्हटलं जातं की इथे वाचतो कोण? याचं उत्तर मेट्रोच्या याच पट्ट्यात, घाटकोपरच्या चिरागनगरात मिळतं. अण्णाभाऊ साठे तिथल्या झोपडीत अनेक वर्षं राहिले. वाटेगावहून पायी मुंबईला आलेल्या या माणसाची शाळा दीड दिवसाची. अक्षरं त्यांनी शिकली ती मुंबईच्या रस्त्यांवरच्या दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत. १९५९ मध्ये त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी आली. रस्त्यावर जे लिहिलेलं दिसेल ते वाचत वाचत एक माणूस कादंबरीकार झाला. वस्तीत वाचायला काय दिसतं, डोळ्यांसमोर कोणती अक्षरं असतात, याचं मोल या एका आयुष्यातून कळतं.

दुसरं उत्तर दर ६ डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतिदिनी, चैत्यभूमीवर मिळतं. दादरच्या शिवाजी पार्कवर त्या दिवशी पुस्तकांचे असंख्य स्टॉल लागतात. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं, त्यांतली बरीचशी रोजंदारीवर जगणारी, घरी परतताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. बाबासाहेबांची चरित्रं, त्यांच्या भाषणांचे खंड, फुल्यांचं वाङ्मय, बुद्धवचनं, संविधानाची प्रत. एवढ्या मोठ्या संख्येने आणि एवढ्या आस्थेने मराठी पुस्तकं विकत घेतली जातात असे दिवस वर्षात फार थोडे, आणि त्यांतले कितीतरी वाचक साकीनाका, काजूपाडा, असल्फा, जरीमरी अशाच वस्त्यांतून येतात. वाचकाने एक दिवस पुस्तकापर्यंत जावं, एवढीच व्यवस्था आपण केली आहे. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस पुस्तक त्याच्यापर्यंत येत नाही.

दुकानं का मिटली

२०१८ च्या फेब्रुवारीत फोर्टातला स्ट्रँड बुक स्टॉल बंद झाला. टी. एन. शानभाग यांनी तो १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात एका छोट्या स्टॉलच्या रूपाने सुरू केला होता. उत्तम पुस्तक सामान्य माणसाला परवडलं पाहिजे हा त्यांचा ध्यास होता, आणि २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याचं मॅनीज हे दुकान २०१२ मध्येच मिटलं होतं.

कारणांत जागेचं भाडं आणि वारसांची वेगळी वाट ही दोन नेहमीची. पण मुळाशी आहे ते सवलतीचं गणित. समजा, ३०० रुपयांच्या पुस्तकावर विक्रेत्याला ३५ टक्के कमिशन मिळालं. म्हणजे १०५ रुपये. प्रदर्शनांनी आणि ऑनलाइन विक्रीने गिऱ्हाइकाला सवय लावली आहे की वीस टक्के सूट तर मिळणारच. ते ६० रुपये गेले. उरलेल्या ४५ रुपयांत भाडं, वीज, मदतनिसाचा पगार, खराब झालेल्या प्रती आणि वसूल न झालेली उधारी बसवायची. दिवसाला दहा पुस्तकं विकली तरी हाती साडेचारशे रुपये. एवढ्यात साकीनाक्यावरचा गाळाही परवडणार नाही, फोर्टाचं तर सोडाच.

प्रकाशकांनी पुस्तकं जांगड दिली, म्हणजे न खपलेली परत घेतली, तर विक्रेता नव्या लेखकाला फळीवर जागा देऊ शकतो. रोखीचा आग्रह वाढला की तो हमखास खपणारंच मागवतो. मग प्रत्येक दुकानात तीच वीस-पंचवीस नावं दिसू लागतात. एकेकाळी हजाराची निघणारी आवृत्ती पाचशेवर, कधी तीनशेवर येते, छपाईचा खर्च प्रत्येक प्रतीवर वाढतो, किंमत चढते आणि वाचक आणखी सूट मागतो. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, ही सोय खरी. पण डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुक पोस्टची स्वस्त सेवा बंद केली आणि लहान प्रकाशक-विक्रेत्यांचा एक जुना आधार गेला. विसंगती अशी की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की मोबाइलवर मागवलेलं पुस्तक दोन दिवसांत साकीनाक्याच्या चाळीतही येतं, मग दुकान कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. ऑनलाइन विक्रीमुळे ज्यांच्या गावात कधीच दुकान नव्हतं त्यांना पुस्तकं मिळू लागली, आणि हे फार मोठं काम आहे. पण तिथे पुस्तक शोधायला आधी त्याचं नाव माहीत असावं लागतं. जे आपल्याला माहीतच नाही ते मागणार कसं? दुकानात आपण एक घ्यायला जातो आणि शेजारचं हातात येतं. दहावी नापास झालेल्या, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाला अण्णाभाऊंचं नाव कुणी सांगितलेलं नसतं. मुखपृष्ठ दिसलं, चार पानं उभ्याउभ्या वाचली, दुकानदाराने हटकलं नाही, तरच त्याची ओळख होते. न मागता भेटणारं पुस्तक ही दुकानाची खरी देणगी. ज्याच्या घरात पुस्तकांचं कपाट नाही त्याला या देणगीची गरज सर्वांत जास्त.

दुसरा आक्षेप असा की हे काम वाचनालयांचं आहे. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयांची संख्या ११ हजारांहून अधिक. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ यांनी उपनगरांत वाचक घडवले आहेत. वाचनालय हवंच. पण वाचनालय आणि दुकान एकमेकांची जागा घेत नाहीत. विकत घेतलेलं पुस्तक घरात राहतं, पाच वर्षांनी धाकट्या भावाच्या हाती लागतं, त्यावर नाव लिहिलेलं असतं. ज्या घरात कागद म्हणजे बिल आणि नोटीस, तिथे स्वतःच्या पैशाने आणलेलं पहिलं पुस्तक ही त्या घराच्या इतिहासातली घटना असते.

जगाने काय केलं

पुस्तकाच्या दुकानांची पडझड सगळीकडे झाली, पण काही देशांनी ती नशिबावर सोडली नाही. फ्रान्सने १९८१ मध्ये कायदा केला. पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवेल आणि कुणीही विक्रेता, लहान असो वा मोठा, पाच टक्क्यांहून अधिक सूट देणार नाही. तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री जॅक लांग यांच्या नावाने तो ओळखला जातो. २०२३ पासून तिथे ३५ युरोंहून कमी किमतीची पुस्तकं घरपोच मागवल्यास किमान ३ युरो पोचवणावळ घ्यावी लागते. जर्मनीतही स्थिर किमतीचा कायदा आहे. ब्रिटनमध्ये किमतींबाबतचा प्रकाशकांचा करार १९९० च्या दशकात मोडला. त्यानंतरच्या वर्षांत स्वतंत्र दुकानं घटत घटत २०१६ मध्ये ८६७ वर आली. मग मात्र ती वाढू लागली आणि २०२२ पर्यंत त्यांनी हजाराचा आकडा पुन्हा ओलांडला. अमेरिकेत हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक रायन राफाएली यांनी अशाच पुनरुज्जीवनाचा अभ्यास केला. तिथली स्वतंत्र दुकानं २००९ मध्ये १,६५१ होती, ती २०१८ मध्ये २,४७० झाली. जी टिकली त्यांच्या यशाची तीन कारणं त्यांनी सांगितली: वस्तीशी नातं, पुस्तकांची पारखून केलेली निवड आणि माणसांना एकत्र आणणारे कार्यक्रम.

ही तीन कारणं वाचताना मला गिरगाव आठवतं. मॅजेस्टिक नेमकं हेच करत होतं.

आपल्याकडचे प्रयोग

महाराष्ट्रातही हातावर हात ठेवून कुणी बसलेलं नाही. ४ मे २०१७ रोजी पाचगणीजवळचं भिलार ‘पुस्तकांचं गाव’ झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून ही कल्पना आली, पण तिथे पुस्तकं विकणारी दुकानं आहेत आणि आपल्याकडे गावकऱ्यांनी आपली घरंच वाचकांसाठी उघडली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या माध्यमातून विनायक रानडे यांनी २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना चालवली. पुस्तकांच्या पेट्या महाराष्ट्रभर फिरल्या, परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंत गेल्या. नाशिकजवळ, ओझरच्या बाजूला महामार्गावर दहाव्या मैलावर भीमाबाई जोंधळे यांनी आपल्या हॉटेलात टेबलांशेजारी पुस्तकं ठेवली. जेवण येईपर्यंत गिऱ्हाईक वाचतं. डोंबिवलीत पुंडलिक पै यांनी १९८६ मध्ये फ्रेंड्स लायब्ररी सुरू केली आणि पुढे पुस्तकांच्या आदानप्रदानाचे मोठे उत्सव भरवले. छत्रपती संभाजीनगरात पुस्तकविक्रेते मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी यांच्या शाळकरी मुलीने २०२१ मध्ये मोहल्ल्यात बालवाचनालय उघडलं. त्यातून तिथल्या वस्त्यांमध्ये अशा वाचनालयांची साखळीच तयार झाली. फोर्टातलं किताबखाना हे दुकान २०२० च्या अखेरीस आगीत होरपळलं आणि २०२१ मध्ये पुन्हा उघडलं.

यांतला संभाजीनगरचा प्रयोग मला साकीनाक्याच्या सर्वांत जवळचा वाटतो. तिथे मोठी इमारत नव्हती, शासनाची योजना नव्हती. पुस्तकविक्रेत्याच्या घरात पुस्तकं होती आणि गल्लीत मुलं होती. मध्ये लागतो तो पुस्तक आणि मूल यांची गाठ घालणारा माणूस, आणि असा माणूस पुस्तकांच्या धंद्यातून तयार होतो. म्हणून धंदा टिकला पाहिजे.

साकीनाक्यावर काय करता येईल

या आढाव्यात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. मॅजेस्टिक आणि स्ट्रँड, मुंबईची दोन नामवंत दुकानं, दोन्हींची नावं सिनेमागृहांची आहेत. दोन्ही छोट्या स्टॉलपासून वाढली, कारण सिनेमागृहापाशी गर्दी होती. पुस्तकाचं दुकान शांत गल्लीत सुरू करायचं असतं असा समज पुढच्या काळातला. मुळात ते गर्दीच्या कडेला सुरू होतं.

आजची गर्दी ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या मेट्रोच्या साकीनाका स्टेशनात आहे. सकाळ-संध्याकाळ हजारो माणसं त्या जिन्यांवरून चढतात-उतरतात. तिथे एका लहान स्टॉलची जागा सवलतीच्या भाड्याने, पाच वर्षांच्या करारावर, पुस्तकविक्रेत्यासाठी राखून ठेवावी, ही माझी पहिली मागणी. त्या फळीवर मराठीबरोबर हिंदी आणि उर्दू पुस्तकं असावीत, कारण हा नाका तिन्ही भाषा बोलतो. दुसरी मागणी शासनाकडे. सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानातला ठरावीक भाग ग्रंथखरेदीवर खर्च होतो. त्यातली निदान निम्मी खरेदी त्याच तालुक्यातल्या वा प्रभागातल्या दुकानातून करण्याचा नियम करावा. यात शासनाचा खर्च एका रुपयानेही वाढत नाही. तिसरी मागणी प्रकाशकांकडे. नव्या पुस्तकावर पहिलं वर्ष दहा टक्क्यांहून अधिक सूट कुठेही द्यायची नाही, असं त्यांनी आपसात ठरवून पाहावं आणि लहान विक्रेत्याला पुस्तकं जांगड द्यावीत. फ्रान्ससारखा कायदा व्हायला वेळ लागेल, पण संयम उद्यापासून पाळता येतो.

आणि शेवटची विनंती वाचकाला. आपण हॉटेलात चहाच्या कपावर सूट मागत नाही, रिक्षाच्या मीटरवर मागत नाही. पुस्तकाच्या दुकानात मात्र पहिला प्रश्न तोच विचारतो. ही सवय बदलू या. महिन्याला एक पुस्तक, जवळात जवळ असेल त्या दुकानातून, छापील किमतीला घेऊ या. जाताना घरातल्या नाहीतर शेजारच्या एका मुलाला सोबत नेऊ या आणि त्याला हवं ते त्याचं त्याला निवडू देऊ या. ‘कितवीची?’ असं कुणी विचारणार नाही, अशा फळीसमोर त्याने एकदा तरी उभं राहिलं पाहिजे.